औ मुदेच्या भिंतीपासून मशिदीपर्यंत

मी परत आलो तेव्हा तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होऊन गेली होती. आमच्या ब्लॉकमधली अकरा घरं काटेरी कुंपणाच्या सावलीत चटया टाकून माझी वाट पाहत बसली होती, पण कुणी एक शब्द विचारला नाही. विचारायचं नसतं. पाहणीहून आलेल्या माणसाला आधी प्यायला द्यायचं आणि त्याचा पेला रिकामा होईपर्यंत आपलं तोंड बंद ठेवायचं, ही आमच्यातली रीत. माझ्या बहिणीने, सरेदोने, चहा ओतला. वेलदोडा जास्त पडला होता. मी हळूहळू प्यायलो, कारण पेला संपला की बोलावं लागणार होतं.

माझा बाप टेहळ्या होता. जनावरं हलवायची वेळ आली की आधी तो एकटा पुढे जायचा, कधी चार दिवस, कधी आठ. पाणी कुठे आहे, चारा कसला आहे, आपल्याआधी कुणी येऊन बसलंय का, हे पाहून यायचा आणि त्याच्या शब्दावर तीस-चाळीस माणसं जनावरांसकट उठायची. त्याचे नियम थोडेच होते. निघालास तिथून सांगायला सुरुवात करायची, पोचलास तिथे थांबायचं. चला म्हणायचं नाही, राहा म्हणायचं नाही. ते ऐकणारे ठरवतील. आणि पाहिलं त्यातलं काही गाळायचं नाही. एकदा त्यानेच गाळलं. पाणी आहे म्हणाला; पाण्याकाठी दोन मेलेले कोल्हे पडले होते, ते सांगायला विसरला. चाळीस शेळ्या गेल्या. त्यानंतर मरेपर्यंत तो बैठकीत मागे बसत असे.

म्हणून छावणीतल्या परतीच्या कचेरीने जेव्हा सांगितलं, की ज्यांना स्वखुशीने मायदेशी जायचंय त्यांनी आधी आपला एक माणूस पाठवून गाव पाहून घ्यावं, नेण्या-आणण्याची सोय आम्ही करू, तेव्हा ब्लॉकमध्ये फार चर्चा झालीच नाही. औ मुदे म्हणून आमच्यातला सगळ्यात म्हातारा. औ हा वयाचा मान, एरवी नुसता मुदे. दात सगळे गेलेत, जीभ शाबूत आहे. तो म्हणाला, "टेहळ्याचा पोरगा घरात असताना बाहेर कशाला शोधायचं? तसाही गेद्दी गाढवामागे फिरण्यापलीकडे करतो काय?"

ते खरं होतं. अकरा वर्षं मी दादाबच्या या छावणीत गाढवगाडीवरून घरोघर पाण्याचे कॅन पोचवतोय.

आणखीही एक गोष्ट खरी होती, ती औ मुदेला माहीत नव्हती. मला हल्ली काही वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा थोरला मुलगा समुद्रापलीकडे जायला लिबियाच्या वाटेला लागला. मग एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो माणूस बराच वेळ बोलत होता, मी सगळं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि गाडीला गाढव जुंपलं. बरवाकोला, माझ्या बायकोला, संध्याकाळी एवढंच सांगितलं, की तो गेला. बाकीचं मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एका झोपडीत राहतो, जेवतो, झोपतो.

पेला संपला. मी सांगायला लागलो.

सीमेपर्यंत बस. सीमेनंतर दोन मुक्काम. वाटेत चार ठिकाणी तपासणी, चौथ्या ठिकाणी माझी पिशवी उलटी करून झाडली. आपलं गाव, गरसले, आहे. नदी जागेवर आहे. वरच्या पाणवठ्याला मगर आहे म्हणतात, मी पाहिली नाही. एक विहीर बुजलीय, एक चालू आहे, दोर आपला न्यावा लागतो. शाळेच्या दोन खोल्या आहेत, पत्रे नवे, मास्तर एक. दवाखाना नाही, लूक शहराला जावं लागतं, अर्धा दिवस. खालच्या शेतांकडे लाल रंग फासलेले दगड मांडलेत. त्यांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, तिथे सुरुंग आहेत.

मग विहिरीपासून एकेक घर सांगायला घेतलं. पहिलं घर शम्सोचं. ही शम्सो दोन माणसांची जागा अडवते आणि तीन माणसांचं बोलते.

"माझं दार?" तिने विचारलं.

"दार नाही."

"चौकट?"

"चौकट आहे."

"मग दार गेलं कुठे?"

"चौकट काही बोलली नाही."

"बापासारखाच खवट," शम्सो म्हणाली, आणि चौकट आहे हे ऐकून डोळे पुसले.

कुणाचं छप्पर गेलं होतं, कुणाच्या अंगणात परकी शेरडं बांधली होती, एकाच्या घरात लूकहून आलेलं कुटुंब राहत होतं. ते म्हणत होते की मालक आला तर उठू, फक्त कांदा निघेपर्यंत राहू द्या. सगळं सांगितलं. शेवटी औ मुदेचं घर.

"भिंत उभी आहे," मी म्हणालो. "पूर्वेकडे गुडघाभर ढासळलीय. सतरा दगड खाली पडलेत."

"मोजलेस?"

"मोजले."

"शाबास. आणि पुढे?"

"पुढे मशीद. मशिदीला मिनार राहिलेला नाही, पण बांग होते. बांग देणारा आंधळा आहे, आवाज चांगला आहे."

मग कमरेला बांधलेली पुरचुंडी सोडली आणि गावची माती पुढे केली. ती हातोहात फिरली. जो तो हुंगत होता. औ मुदेने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि पुरचुंडी पुढे द्यायला तो तयार होईना. मीही नदीकाठी ती हुंगली होती. माती होती.

सरेदो पेले गोळा करत होती. माझा पेला तिने उचलला, तळाला राहिलेला चोथा पाहिला आणि आत गेली.

औ मुदेच्या भिंतीपासून मशिदीपर्यंत दीडशे पावलं आहेत. त्या दीडशे पावलांत एकच घर आहे, ते सरेदोचं.

आमच्यात घर बाईचं असतं. लग्नात मुलीच्या माहेरच्या बायका ते उभारून देतात आणि नवरा त्यात राहायला येतो. सरेदोचं घर माझ्या आईने आणि मावश्यांनी बांधलं. त्यात ती आणि तिचा नवरा हिर्सी आठ महिने राहिले. मग गोळीबार नदीच्या या काठाला आला आणि आम्ही निघालो. हिर्सी मागे राहिला. तीळ कापणीला आला होता. तीळ काढतो आणि पंधरा दिवसांत येतो म्हणाला.

सरेदो तेव्हा तेवीस वर्षांची होती. पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. गावाकडून कुणी आलं की ती जाऊन उभी राहायची. कुणी सांगे, दिसला नाही. कुणी सांगे, त्याला नेलं. नवरा बेपत्ता असला की चार वर्षांनी काझी बाईला मोकळं करतो. दोन चांगली स्थळंही आली होती. सरेदो एकच विचारायची, "मयत कुणी पाहिलंय का?" पाहिलं नव्हतं. ती वाट पाहत राहिली.

मी त्या घरापुढे गेलो तेव्हा हिर्सी अंगणात कुदळीला दांडा बसवत होता.

"गेद्दी?" तो म्हणाला.

"गेद्दी," मी म्हणालो.

आतून एक बाई आली. तिने मला चटई दिली, लाकडी पेल्यात दूध दिलं. दोन पोरं तिच्या मागे-मागे होती आणि तिसरं वाटेवर होतं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. ती आत गेल्यावर हिर्सी म्हणाला, "पहिल्या वर्षी रस्ता बंद होता. दुसऱ्या वर्षी इतका उशीर झाला म्हणून लाज वाटली. मग लाजेचीच सवय झाली." मग म्हणाला, "तिला काय सांगशील? काही सांगू नकोस. मी नाहीच असं समज."

त्या जागी दुसरा भाऊ असता तर त्याने ती कुदळ हातात घेतली असती. मी दूध प्यायलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पेला खाली ठेवला, सलाम केला आणि मशिदीकडे गेलो.

मग बैठकीत का गाळलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दया आली म्हणावं तर तसंही नाही. ज्याचं दूध प्यायलो त्याला झाकलं म्हणावं तर तेही नाही. औ मुदेच्या भिंतीपर्यंत आलो, पुढचा शब्द तोंडात आला नाही, आणि मशीद आली.

चौथ्या दिवशी सरेदो पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, नवरा गेलेली बाई घालते तसं. कुणाला काही सांगितलं नाही. कुंपणाशी उभी राहिली, सगळ्यांनी पाहिलं, मग आत जाऊन बसली. टेहळ्याने अकरा घरांतलं एक घर गाळलं, आणि चौथ्या दिवशी त्या घरची बाई पांढऱ्यात. ब्लॉकमधल्या माणसांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दुपारपर्यंत बायका तिच्या झोपडीत गळ्यात पडून रडत होत्या.

औ मुदे माझ्या गाडीपाशी आला. "गेद्दी, कबर पाहिलीस?"

"नाही पाहिली."

ते खरं होतं. पुढचं वाक्यही खरंच असतं, पण मी कॅनची झाकणं घट्ट करत राहिलो.

"असू दे," औ मुदे म्हणाला. "सगळ्यांच्या नशिबी कुठे कबर असते? बहिणीला तोंडाने सांगवलं नाही तुला. मी समजू शकतो."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बकरा कापला, कुराण वाचलं. हिर्सीच्या आत्म्यासाठी सगळ्यांनी हात वर केले, मीही केले. मग जेवायला बसलो.

"मेव्हण्याच्या मयताला एवढं गपागप जेवतोयस," बरवाको हळूच म्हणाली.

"भूक आहे."

"तुला भूक तरी लागते म्हणायची."

पुढच्या आठवड्यात घरं परतीच्या कचेरीत सह्या करायला लागली. टेबलावर फर्दोसा नावाची मुलगी असते, इथलीच, गारिसाकडची, आमचीच भाषा बोलते. ती प्रत्येकाला तेच विचारते. स्वखुशीने जाताय का? कुणी बळजबरी केली का? तिथली परिस्थिती माहीत आहे का? कुणी सांगितली? या शेवटच्या प्रश्नाला जो तो खिडकीतून बाहेर बोट करायचा, तिथे मी गाढवाला पाणी पाजत उभा असायचो.

"अदेर," ती मला काका म्हणून हाक मारत म्हणाली, "तुमच्या शब्दावर नऊ घरं चाललीत. तुम्ही स्वतः कधी सही करताय?"

"बघू."

"आणि तुमची बहीण? तिचं नाव यादीत होतं."

"ती इद्दतीत आहे." नवरा वारलेली बाई चार महिने दहा दिवस घर सोडत नाही. फर्दोसाला हे सांगायची गरज नव्हती. तिने नावावर रेघ ओढली.

त्या रात्री बरवाको म्हणाली, "सगळ्यांना पाठवलंस आणि आपण बसून राहिलास." मी तिला खरं ते सांगितलं, की गावात उभा राहिलो आणि मला काही वाटलं नाही, इथेही वाटत नाही, मग कशाला सामान हलवायचं? ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

एक गोष्ट मात्र मला कळत होती. नऊ घरं गरसलेला उतरतील तेव्हा हिर्सी समोर उभा असेल. त्याआधी सरेदोला सांगायला हवं होतं. माझ्याकडे अजून आठ-दहा दिवस होते. मी रोज सकाळी तिच्या दाराशी दोन कॅन उतरवायचो आणि म्हणायचो, "सरेदो, पाणी." ती आतून म्हणायची, "ठेव, वलाल." भाऊ म्हणून हाक मारायची तिची तीच रीत, लहानपणापासून. मी थोडा वेळ उभा राहायचो. मग गाढव आपणहून पुढच्या घराकडे निघायचं आणि मी त्याच्यामागे.

बस गेल्या. आठव्या दिवशी फोन वाजला.

"गेद्दी," औ मुदे म्हणाला. सलाम नाही, दुआ नाही. "दगड मोजले. सतराच आहेत."

"बरं."

"माझी ट्रंक कुणी उतरवून दिली माहितीये?"

मी गाढव थांबवलं.

"मयताने. ज्याच्या नावाने मी बकरा खाल्ला त्याने माझी ट्रंक डोक्यावरून घरात नेऊन ठेवली. गेद्दी, तुझा बाप निदान विसरला होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिर्सी इथेच उभाय," औ मुदे म्हणाला. "सरेदोशी बोलायचं म्हणतो. ये म्हणतो, दोघींनाही नांदवीन म्हणतो. जा, तिला फोन दे. एवढं तरी कर."

मी गाढव तिथेच सोडलं आणि चालू फोन हातात धरून सरेदोच्या झोपडीत गेलो. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"सरेदो, मी त्या दिवशी एक घर गाळलं."

"माहीत आहे."

"हिर्सी जिवंत आहे."

"तेही माहीत आहे."

ती म्हणाली, "कबर दिसली असती तर तू तिथे उभं राहून दुआ मागितली असतीस. येऊन सांगितलं असतंस, एवढी लांब, एवढी रुंद, इतके दगड. मेलेल्या माणसाला तू कशाला गाळशील, वलाल? ज्याचं घर सांगितलं नाहीस तो त्या घरात बसलेला होता, आणि एकटा नव्हता. चहा पितानाच तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"मग हे पांढरं कशाला?"

ती उत्तर देणार तेवढ्यात फोनमधून आवाज आला. "सरेदो? सरेदो, मी बोलतोय." झोपडी लहान आहे, दोघांनाही ऐकू आलं. अकरा वर्षांनी तिच्या कानावर तो आवाज पडत होता. ती फोनकडे पाहत राहिली. तिने ज्वारीचा एक दाणा उचलला आणि परत सुपात टाकला.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "मी इद्दतीत आहे. परक्या पुरुषांशी बोलत नाही."

"सरेदो, अगं मी—"

"सांग त्यांना, वलाल."

मी फोन कानाला लावला. "ती इद्दतीत आहे."

"कुणाच्या?" हिर्सीने विचारलं.

"तुझ्या," मी म्हणालो.

मग फोन बंद झाला.

सरेदो उठली, चूल पेटवली आणि चहा टाकला. मी बसलो. तिने माझ्यापुढे पेला ठेवला आणि तो रिकामा होईपर्यंत सूप मांडीवर घेऊन गप्प बसली. मग म्हणाली, "आता सांग. औ मुदेच्या भिंतीपासून मशिदीपर्यंत."

मी सांगितलं. भिंतीपासून चाळीस पावलांवर तुझं कुंपण. काटे या वर्षीचे आहेत. दार तेच, निळं. खालची फळी बदललीय. आंब्याची दोन झाडं होती, एक वाळलं, एक छपराच्या वर गेलंय. आईने घातलेली चूल तीच आहे. बाई पंचवीस-सव्वीसची, नाव इस्नीनो. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी चालताना डावा पाय ओढते. तिसऱ्याचा चौथा महिना असावा. हिर्सी जाड झालाय. तो काय म्हणाला, तेही सांगितलं, लाजेचं आणि सवयीचं. "तिने मला दूध दिलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं."

"कशात दिलं?"

"लाकडी पेल्यात. काठाला चीर गेलीय, तारेने शिवलीय."

"तो माझा आहे," सरेदो म्हणाली. "चीर माझ्याच हातून गेली होती." इतका वेळ तिचा आवाज सरळ होता, तो इथे हलला. तिने पदर तोंडावर घेतला, मग पदर खाली केला.

"मी ते दूध प्यायलो, सरेदो. मला राग आला नाही. काहीच आलं नाही."

"माहीत आहे रे. त्या फोनच्या दिवसापासून तू असाच आहेस. सगळ्यांना दिसतं." मग तिने विचारलं, "पाणी किती लांब?"

"घरापासून नदी ऐंशी पावलं."

"मग जायचं. अजून एकशे आठ दिवस आहेत, ते झाले की."

"इद्दत पुरी करणार?"

"अकरा वर्षं वाट पाहिलीय. तिचं काही करायला नको? ती काय अशीच टाकून जाऊ?"

"आणि तो?"

"मेलेल्या माणसाला घर कशाला लागतं?" सरेदो म्हणाली.

"आणि ती बाई? पोरं?"

या प्रश्नावर मात्र तिने सूप उचललं, दोनदा पाखडलं, फोलपटं उडवली. "तिने माझं काय केलंय? त्या घरात दोन बायका मावतात. मी पोचेन तेव्हा तिचे दिवस भरलेले असतील. लूक अर्ध्या दिवसावर आहे म्हणालास ना? तिच्याजवळ कुणीतरी लागेलच."

एकशे आठ दिवस मी रोज दोन कॅन नेले. मधल्या काळात औ मुदेचे निरोप येत होते, आधी रागाचे, मग विनवणीचे. एकदा त्याने सांगितलं की हिर्सी आपल्या भावाच्या पडक्या खोलीला माती लावतोय. सरेदोने ऐकून घेतलं. शेवटचा दिवस झाला तशी तिने न्हाऊन पांढरं उतरवलं आणि शम्सोने जाताना दिलेला नारिंगी पोशाख घातला. काझीकडे मी तिच्यासोबत गेलो. अकरा वर्षांत ज्याने तोंड दाखवलं नाही अशा नवऱ्याचं लग्न त्याने चहा निवायच्या आत मोडून दिलं.

मग फर्दोसाचं टेबल.

"स्वखुशीने जाताय?"

"हो."

"तिथली परिस्थिती कुणी सांगितली?"

"माझ्या भावाने. तो पाहून आलाय."

"पुरेशी माहिती आहे?"

सरेदोने माझ्याकडे पाहिलं. "आता आहे," ती म्हणाली, आणि अंगठा उमटवला.

बस पहाटे सुटते. तिच्याजवळ एक पेटी, एक चटई आणि सूप होतं. पांढऱ्या कपड्यांची घडी तिने माझ्या हातात दिली. "बरवाकोला दे. म्हणावं, चांगलं सूत आहे, फडकी कर." मी घडी घेतली. टेहळ्याने चला म्हणायचं नसतं, राहा म्हणायचं नसतं. माझ्या तोंडात राहा आलं होतं. आलं, आणि घशात दुखलं. मी ते गिळलं. बसचं दार बंद झालं, खिडकीतलं नारिंगी थोडा वेळ दिसत राहिलं, मग धुळीत दिसेना.

मी गाडी जुंपली आणि फेरीला निघालो. नळावर कॅन भरले, ओळीने घरं घेतली. एका दाराशी दोन कॅन उतरवले आणि हाक मारली, "सरेदो, पाणी."

आतून उत्तर आलं नाही. दाराला दार नव्हतंच. दारावर टांगलेली चटई ती घेऊन गेली होती. आत चुलीचे तीन दगड होते. गाढव पुढच्या घराकडे चालू लागलं. मला त्याच्यामागे जाता येईना. मी कॅनवर बसलो. आधी घशातलं दुखणं वर आलं, मग त्याच्यामागून दुसरं, त्याहून जुनं, तीन वर्षं खाली बसलेलं, आणि मी पांढरी घडी तोंडाशी धरून रडलो. सरेदोसाठी रडत होतो, आणि थोरल्याचं नाव घेत होतो.

गाढव एकटंच घरी पोचलं असणार, कारण बरवाको मला शोधत आली. माझ्याजवळ जमिनीवर बसली, कॅनचं झाकण काढलं, पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. मी प्यायलो. तिने वाट पाहिली.

पेला रिकामा झाला. मग मी तिला तो फोन सांगायला सुरुवात केली, पहिल्या शब्दापासून.